पगारचिठ्ठीवरील दोनशे रुपये : व्यवसाय कराची कपात आणि सीमाभाग

शेतीखेरीज इतर उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार भारतीय राज्यघटनेने केंद्राकडे ठेवला आहे, आणि तरीही बेळगावातील टिळकवाडीच्या पलीकडे खानापूर रस्त्यावर पसरलेल्या उद्यमबागेतील कारखान्यांत दरमहा २५ हजार रुपये किंवा त्याहून अधिक पगार घेणाऱ्या कामगाराच्या पगारचिठ्ठीवर राज्य सरकारच्या खात्यात जाणारी दोनशे रुपयांची एक कपात महिन्यामागून महिना नोंदली जाते. तिला महाराष्ट्रात व्यवसाय कर म्हणतात, कर्नाटकात तिचे कन्नड नाव 'वृत्ती तेरिगे' असे आहे, आणि दोन्हीकडच्या पगारचिठ्ठ्यांवर ती बहुधा 'पीटी' या दोन अक्षरांनी ओळखली जाते. रक्कम लहान असल्यामुळे ती का कापली जाते, कोणाकडे जाते आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे तिचे नियम का बदलतात, याची चौकशी क्वचितच होते. वास्तविक मजुरीवर राज्याचा हात थेट पडतो अशी करांमधली हीच एक जागा आहे, आणि बेळगाव-निपाणी पट्ट्यात तिचा परिणाम जितका उघडपणे दिसतो तितका तो दोन राज्यांच्या अंतर्भागात दिसत नाही.

पगारातून होणाऱ्या सर्व कपाती एकाच जातीच्या नसतात, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. भविष्य निर्वाह निधीसाठी कापलेली रक्कम कामगाराच्या स्वतःच्या खात्यात साठते. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांच्या वेतनातून कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी ०.७५ टक्के कापले जातात, ती वर्गणी असते व तिच्या मोबदल्यात दवाखान्याची आणि आजारपणातील भत्त्याची सोय मिळते. कर मात्र मोबदल्याची हमी न देता घेतला जातो. करकपातीचेही पुन्हा दोन प्रकार पडतात. केंद्राच्या आयकरासाठी होणारी उद्गम करकपात, म्हणजे बोलीभाषेतील टीडीएस, ही एक प्रकारची उचल असते : मालक वर्षभराच्या पगाराचा अंदाज बांधतो, त्यावरचा कर काढून बारा महिन्यांत वाटतो, आणि वर्षाअखेरीस विवरणपत्र भरल्यावर जास्त कापलेले परत मिळते किंवा कमी पडलेले भरावे लागते. व्यवसाय कराच्या कपातीत असा अंदाज नाही आणि पगारदाराला विवरणपत्रही भरावे लागत नाही. त्या महिन्याचा पगार कोणत्या टप्प्यात बसतो एवढेच पाहिले जाते, त्या टप्प्यासमोरची ठरीव रक्कम कापली जाते, आणि पगारदाराचा त्या महिन्यापुरता हिशेब तेथेच मिटतो.

उत्पन्नावरचा कर केंद्राचा असताना राज्याला ही कपात करता येते, याचे मूळ स्वातंत्र्यपूर्व काळातील एका अधिकारकलहात आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने व्यवसाय, व्यापार, उद्यम आणि नोकरी यांवरील कर प्रांतांकडे आणि उत्पन्नावरील कर केंद्राकडे दिला. परंतु नोकरीवरील कर पगाराच्या प्रमाणात घेतला तर तो उत्पन्नावरील करापासून वेगळा कसा ओळखायचा, याचे उत्तर त्या वाटणीत नव्हते. संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या, विधिमंडळाने १९३९ मध्ये नोकरीच्या पगारावर कर बसवण्याचे पाऊल उचलले तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला, आणि ब्रिटिश पार्लमेंटने १९४० मध्ये कायद्यात १४२-अ हे कलम घालून तडजोड केली : असा कर उत्पन्नाशी संबंधित आहे एवढ्या कारणाने तो अवैध ठरणार नाही, मात्र एका व्यक्तीकडून वर्षाला ५० रुपयांहून अधिक घेता येणार नाही. हीच तडजोड पुढे राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये उतरली. तेथे मर्यादा २५० रुपये झाली आणि १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपयांवर नेण्यात आली. ज्या प्रांतामुळे हा वाद उभा राहिला त्या उत्तर प्रदेशात आज राज्याचा व्यवसाय कर नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी मात्र तो अनुक्रमे १९७५ आणि १९७६ च्या स्वतंत्र कायद्यांनी बसवला आणि आजपर्यंत चालू ठेवला.

महाराष्ट्राने तो बसवण्यामागे एक ठोस हेतू होता, आणि तो विसरला जाऊ नये. १९७२ च्या दुष्काळाने ग्रामीण भाग होरपळत असताना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेली रोजगार हमी योजना राज्यभर राबवायची, तर तिला दरवर्षी खात्रीने पैसा लागणार होता. तो शहरांतल्या व कारखान्यांतल्या नियमित कमाईतून उभा करावा, ज्याच्या हाताला बारमाही काम आहे त्याने ज्याच्या हाताला काम नाही त्याच्यासाठी थोडे द्यावे, असा विचार व्यवसाय कराच्या पाठीशी होता. म्हणूनच महाराष्ट्राच्या कायद्यात कराचे उत्पन्न रोजगार हमीच्या निधीशी जोडलेले आहे, आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानुसार राज्य सरकारने त्यात तेवढीच भर घालावी अशी व्यवस्था आहे. एखाद्या करामागे इतका स्पष्ट सामाजिक संकल्प असावा, ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील खरोखर मोलाची गोष्ट आहे.

कपातीची यंत्रणा दोन्ही राज्यांत सारख्याच पायावर उभी आहे. ज्याच्याकडे करपात्र पगार घेणारी माणसे आहेत अशा प्रत्येक मालकाला नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि पगार वाटताना कर कापून सरकारात भरावा लागतो. वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल, व्यापारी अशा स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांना वेगळे नावनोंदणी प्रमाणपत्र घेऊन वर्षाचा कर स्वतः भरावा लागतो, आणि कारखान्याचा मालक हा या दुसऱ्या वर्गातही मोडत असल्यामुळे त्याला सहसा दोन्ही प्रमाणपत्रे बाळगावी लागतात. कर्नाटकात कापलेली रक्कम पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत मासिक विवरणासह वाणिज्य कर खात्याकडे पोहोचती करायची असते, तर महाराष्ट्रात हे काम राज्याच्या वस्तू व सेवा कर विभागाकडे आहे. या यंत्रणेचा कणा म्हणावा असा नियम एकच : कपात केली असो वा नसो, कर भरण्याची जबाबदारी मालकाची आहे. हिशेबनिसाच्या हातून एखाद्या महिन्याची कपात राहून गेली, तरी सरकार मालकाकडे वळते, कामगाराच्या दारात येत नाही. शेकडो पगारदारांकडून दोनशे-दोनशे रुपये गोळा करण्याचा खर्च कोणत्याही सरकारला परवडला नसता. पगार ज्या हातातून निघतो तेथेच कर थांबवून घेतला म्हणूनच एवढा लहान कर वसूल करणे शक्य झाले.

कोणत्या रकमेवर टप्पा पाहायचा, याबाबत कामगारांत एक गैरसमज आढळतो. मूळ वेतन कमी दाखवले की व्यवसाय कर टळतो अशी समजूत असते. परंतु कायद्यातील 'वेतन' या शब्दात मूळ वेतनाबरोबर महागाई भत्ता आणि नियमित मिळणारे इतर सर्व मेहनताने येतात, आणि महाराष्ट्राच्या कायद्याने बोनस व उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, एवढ्या रकमा त्यातून स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणून टप्पा ठरवताना चिठ्ठीवरचा एकूण नियमित पगार पाहायचा, भविष्य निर्वाह निधी वगैरे वजा जाऊन हातात पडणारी रक्कम पाहायची नाही.

यंत्रणा एक असली तरी दर मात्र सीमेवर एकदम बदलतात. कर्नाटकात २०१५ पासून दरमहा १५ हजार रुपयांखालील पगार करमुक्त होता, आणि १ एप्रिल २०२३ पासून ही मर्यादा २५ हजारांवर गेली. त्याखाली काहीही नाही, त्यावर दरमहा २०० रुपये, आणि २०२५ च्या दुरुस्तीपासून फेब्रुवारीत ३०० रुपये. फेब्रुवारीच्या या जादा शंभराचे अनेकांना कोडे पडते, त्याचा उलगडा साध्या भागाकारात आहे : घटनेने घातलेली वर्षाची २,५०० रुपयांची मर्यादा बाराने भागली तर २०८ रुपये ३३ पैसे अशी गैरसोयीची रक्कम येते, म्हणून अकरा महिने दोनशे घेऊन उरलेले तीनशे एका महिन्यात घेतले जातात. महाराष्ट्रात ही पद्धत आधीपासून होती. कर्नाटक २०२५ पूर्वी बाराही महिने दोनशेच घेत असल्यामुळे तेथे वर्षाला २,४०० रुपये होत. महाराष्ट्रात पुरुषांसाठी ७,५०० रुपयांपर्यंत कर नाही, त्यापुढे १० हजारांपर्यंत दरमहा १७५ रुपये, आणि १० हजारांच्या वर पूर्ण २,५०० रुपयांचा वर्षाचा कर लागतो. स्त्रियांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून २५ हजार रुपयांपर्यंत सूट आहे. कर्नाटकाच्या कायद्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. वयाची सवलतही निराळी आहे : कर्नाटकात साठीनंतर कर संपतो, महाराष्ट्रात पासष्टीनंतर.

हे आकडे बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ठेवून पाहिले की त्यांचा अर्थ उमगतो. हिंडलगा, सुळगा, उचगाव, तुरमुरी, बाची ही कर्नाटकातील गावे मागे टाकली की चंदगड तालुक्यातील शिनोळीची औद्योगिक वसाहत लागते, आणि ती महाराष्ट्रात आहे. समजा, दोन यंत्रचालक महिन्याला १८ हजार रुपयेच मिळवतात. एक उद्यमबागेत लेथवर उभा राहतो आणि दुसरा शिनोळीत. पहिल्याच्या चिठ्ठीवर व्यवसाय कराच्या रकान्यात शून्य असते, दुसऱ्याचे वर्षाला २,५०० रुपये जातात. शिनोळीत त्याच यंत्रावर, त्याच पगारात स्त्री काम करत असेल तर तिला काहीही द्यावे लागत नाही. पगार २६ हजारांवर गेला की हे सारे फरक पुसले जातात आणि तिघांनाही २,५०० रुपयेच भरावे लागतात. निपाणीतून महामार्गाने कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीकडे कामाला जाणाऱ्यांच्या बाबतीतही हेच गणित लागू पडते. आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात नोकरी धरणाऱ्याला तर व्यवसाय करच नाही, कारण गोव्याने तो बसवलेला नाही. अशा रीतीने टिळकवाडीपासून रोजच्या फेऱ्यांच्या अंतरात, एकाच मजुरीवर, तीन राज्यांचे तीन निरनिराळे नियम चालतात. निपाणीच्या बिडी कामगार स्त्रिया या हिशेबात कोठेच येत नाहीत, कारण हजार बिड्यांमागे मिळणारी त्यांची मजुरी कराच्या पहिल्या पायरीलाही पोहोचत नाही.

या कराची खरी उणीव त्याच्या टप्प्यांत आहे. आयकरात मर्यादा ओलांडल्यावर सामान्यतः वरच्या भागावरच वरचा दर लागतो; व्यवसाय करात मर्यादा ओलांडताच पूर्ण रक्कम पडते. उद्यमबागेत २४,९०० रुपये घेणाऱ्याला या करापोटी काहीच द्यावे लागत नाही, आणि जादा कामामुळे एखाद्या महिन्यात २५,०५० रुपये झालेल्याला दोनशे जाऊन २४,८५० उरतात, म्हणजे अधिक राबूनही हातात पन्नास रुपये कमी. त्याहून गंभीर बाब प्रमाणाची आहे. महाराष्ट्रात १० हजारांहून किंचित अधिक कमावणारा पुरुष वर्षाच्या कमाईतील दोन टक्क्यांहून थोडे जास्त देतो. २६ हजारांचा पगारदार ०.८ टक्के देतो. आणि महिन्याला अडीच लाख मिळवणारा अधिकारी ०.०८ टक्क्यांच्या आसपास. कर चढत्या उत्पन्नाबरोबर चढावा, हे तत्त्व येथे उलटे झाले आहे, आणि याचे कारण राज्यांची निष्ठुरता नसून घटनेतील रुपयांत लिहिलेली मर्यादा हे आहे : १९८८ मध्ये २,५०० रुपये ही वरच्या थरातील पगारदारालाही जाणवणारी रक्कम होती, पण त्यानंतर पगार आणि किमती कितीतरी पटींनी वाढल्या, मर्यादा जागच्या जागी राहिली, आणि वरचे सारे टप्पे चेपून एकाच सपाट रकमेत मिसळले. वरून अधिक घेता येत नाही म्हणून राज्यांना खालूनच गोळा करावे लागते. कर्नाटकाने १५ हजारांवरून २५ हजारांपर्यंत जाऊन कमी पगारदारांवरील भार उचलला हे योग्यच झाले. महाराष्ट्राने स्त्रियांना दिलेली सूट स्वागतार्ह आहे, परंतु १०,००१ रुपये मिळवणाऱ्या पुरुषाकडून अडीच हजार रुपये घेत राहण्याचे समर्थन रोजगार हमीच्या उदात्त हेतूनेही होत नाही, कारण आज तो स्वतःच त्या हमीच्या उंबरठ्याजवळ उभा आहे. केंद्राच्या आयकराशी तुलना केली तर ही विषमता अधिकच ठळक होते : २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाख रुपयांपर्यंत आयकर लागत नाही, म्हणजे केंद्र ज्याला कर देण्याइतका सधन मानत नाही त्याच्या महिन्याच्या दहा हजारांतून राज्य कपात करते. जुन्या प्रणालीत व्यवसाय कराची रक्कम पगारातून वजा करून आयकर काढता येतो. नव्या प्रणालीत ती वजावटही मिळत नाही.

चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२ हजार रुपये करावी असे सुचवले, पंधराव्या वित्त आयोगाने १८ हजार. त्यासाठी घटनादुरुस्ती लागते. मर्यादा वाढली तर राज्यांना वरच्या पगारांसाठी वेगळे टप्पे करून खालचे टप्पे मोकळे करता येतील. पण सध्याच्याच टप्प्यांवर रकमा फुगवल्या, तर महिन्याला दीड हजारांची कपात शिनोळीतील कामगाराचा किराणा हिरावून घेईल, ही शक्यताही नजरेआड करण्याजोगी नाही.

राज्याने पगारावर पूर्ण अर्थाने आयकर घेतला तर काय होते, हे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना अनुभवाने ठाऊक आहे. तेथे विस्कॉन्सिन राज्याने १९११ मध्ये आधुनिक धर्तीचा राज्य आयकर सुरू केला, ऑरेगनने १९४८ मध्ये तो पगारातूनच कापून घेण्याची पद्धत पाडली, आणि आज नऊ राज्ये सोडता उरलेली सर्व राज्ये मजुरी-पगारावर कर घेतात. नोकरीला लागताना कर्मचारी आपली कौटुंबिक स्थिती सांगणारा अर्ज भरतो, मालक राज्याच्या कोष्टकाप्रमाणे प्रत्येक पगारातून अंदाजे कर कापतो, आणि वर्षाअखेरीस राज्याचे वेगळे विवरणपत्र भरून हिशेब जुळवला जातो. सीमेचा प्रश्न तेथेही आहेच, मात्र त्यावर विचारपूर्वक उपाय योजलेले आहेत. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात १९७७ पासून परस्पर करार असल्याने एका राज्यात राहून दुसऱ्यात नोकरी करणाऱ्याच्या पगारावर राहत्या राज्याचाच कर कापता येतो. न्यूयॉर्कशी न्यू जर्सीचा असा करार नाही. म्हणून एडिसनमध्ये राहून मॅनहॅटनमध्ये काम करणाऱ्याचा कर आधी न्यूयॉर्क कापते, आणि तो भरल्याबद्दल न्यू जर्सी आपल्या करात सूट देते. कर घेणारे राज्य आणि रस्ते, शाळा, पाणी पुरवणारे राज्य वेगवेगळे असू शकते, हे या दोन्ही व्यवस्थांत मान्य केलेले आहे.

व्यवसाय कराला राहते घर विचारात घेण्याची गरजच वाटत नाही. त्याचा संबंध नोकरी कोठे आहे एवढ्याशीच असतो. त्यामुळे एकाच मालकाचे उद्यमबाग आणि शिनोळी अशा दोन्ही ठिकाणी कारखाने असतील तर त्याला दोन्ही राज्यांत स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि सप्टेंबरअखेर एखाद्या २६ हजार पगाराच्या कामगाराची बदली उद्यमबागेतून शिनोळीला झाली तर पहिल्या सहा महिन्यांचे १,२०० रुपये बेंगळुरूच्या तिजोरीत आणि उरलेल्या सहा महिन्यांचे १,३०० रुपये मुंबईच्या तिजोरीत जातात. एकाच वेळी दोन मालकांकडे काम करणाऱ्यासाठी महाराष्ट्राच्या कायद्यात तरतूद आहे : आपण स्वतः नावनोंदणी करून कर भरू असे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र त्याने दोघांनाही दिले की त्यांच्यावर कपातीची जबाबदारी राहत नाही, आणि दोनदा कर जाण्याचे टळते. परंतु घटनेतील २,५०० रुपयांची मर्यादा प्रत्येक राज्यापुरती असल्यामुळे दोन राज्यांत दोन नोकऱ्या धरणाऱ्याला या तरतुदीचा आधार मिळत नाही. टिळकवाडीतील घरी बसून पुण्याच्या कंपनीचे संगणकावर काम करणाऱ्या तरुणाचा करही सामान्यतः तो ज्या शाखेच्या पटावर आहे त्या राज्याच्या दराने कापला जातो.

बाचीत राहणारा आणि शिनोळीत राबणारा कामगार महाराष्ट्राला जे अडीच हजार देतो, ते कायद्याने महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या कामांसाठी आहेत. त्याच्या स्वतःच्या गावात पावसाने दगा दिला आणि त्याच्या भावकीतील शेतमजुरांना काम मागण्याची वेळ आली, तर त्यांना अर्ज करावा लागतो तो कर्नाटकातील ग्रामपंचायतीकडे, आणि त्या पंचायतीच्या कामांना या निधीतला एक रुपयाही मिळत नाही.